पडदा मोठा, कळ आपल्याच हाती

पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यातील घरांची दिनचर्या आगगाडीच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचली आणि राहते घर न सोडता मुंबईची नोकरी करणे अनेकांना सुकर झाले. कर्ती माणसे पहाटे निघतात ती दिवेलागणीनंतर परततात. तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या घरी पाळ्यांचा हिशेब असतो. मधल्या दहा-बारा तासांत घरी उरतात ती ज्येष्ठ मंडळी, आणि अलीकडे त्यांच्या सोबतीला असतो टॅब.

या टॅबवर चित्रपट पाहिले जातात. मांडीवर उशी, उशीवर टॅब, मान खाली, आवाज पूर्ण वाढवलेला. आणि समोरचा मोठा दूरचित्रवाणी संच मात्र बंद. या दोहोंची सांगड घालणे मुळीच अवघड नाही. मुले रविवारी ती घालूनही देतात. सोमवारी दुपारी मात्र पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी उमटते, कोणती कळ दाबायची ते आठवत नाही आणि टॅब पुन्हा मांडीवर येतो. म्हणून या जोडणीला एकच कसोटी लावावी. घरात दुसरे कोणी नसताना ज्येष्ठांना चित्रपट स्वतः सुरू करता येतो का, आणि स्वतः बंद करता येतो का?

डोळे, मान आणि कान

टॅबचा पडदा कर्णावर मोजला तर साधारण १० इंचांचा, संचाचा ३२ इंचांचा. मापात फरक तिपटीचा असला तरी चित्राचे क्षेत्रफळ सुमारे दहापट होते. वयोमानाने डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते आणि हातभर अंतरावरचे दृश्य दोन-अडीच तास पाहणे जड जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेले साधे कृत्रिम भिंगही बहुधा दूरच्या नजरेसाठी निवडलेले असते. पाच ते सात फुटांवरचा संच अशा डोळ्यांना अधिक मानवतो. मानेचेही तसेच आहे. डोक्याचे वजन सुमारे ५ किलो असते. मान सरळ असेपर्यंत मणके ते सहज पेलतात, पण ती पुढे झुकली की सारा भार मागच्या स्नायूंवर येतो.

कानांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढील व्यक्तींपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. टॅबच्या इवल्याशा स्पीकरमधून संवाद नीट उमगत नाहीत. संचाचा आवाज मोठा असतो आणि अनेक संचांत संवाद ठळक करणारी ध्वनिरचनाही असते. आवाज वाढवत नेण्याआधी ती वापरून पाहावी. तरीही शब्द निसटत असतील, तर दोष संचाचा न मानता श्रवणतपासणी करून घ्यावी.

जोडणीचे तीन मार्ग

आधी संचाची मागची बाजू पाहावी. चपट्या, किंचित निमुळत्या खाचेवर ‘एचडीएमआय’ असे लिहिलेले आढळेल. या एकाच तारेतून चित्र आणि ध्वनी दोन्ही जातात.

पहिला मार्ग तारेचा. टॅब आणि एचडीएमआय तार यांच्यामध्ये एक छोटा जोडक लागतो. तो विकत घेण्यापूर्वी एक खात्री करावी: टॅबच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर पाठवण्याची सोय आहे का? पुष्कळ स्वस्त टॅबमध्ये ती नसते. बाहेरून खाच सारखीच दिसते, पण जोडक लावूनही पडदा कोराच राहतो. दुकानात टॅब सोबत नेऊन तिथेच लावून पाहणे सर्वांत उत्तम. जोडक चार्जिंगचीही खाच असलेला घ्यावा, म्हणजे चित्रपट ऐन रंगात आला असता टॅबची बॅटरी संपणार नाही. तार जोडल्यावर संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ ही कळ दाबून, तार ज्या क्रमांकाच्या खाचेत आहे तो क्रमांक निवडायचा. सोमवारच्या त्या पाटीमागे बहुधा एवढेच कारण असते.

दुसरा मार्ग बिनतारी. संच स्मार्ट असेल आणि टॅब व संच घरातील एकाच वायफायवर असतील, तर चित्रपटाच्या ॲपमध्ये कोपऱ्यात एक चौकोन आणि त्यात लहरींच्या रेषा असे चिन्ह दिसते. ते दाबून संचाचे नाव निवडले की चित्रपट संचावर सुरू होतो. या पद्धतीत संच चित्रपट थेट इंटरनेटवरून घेतो आणि टॅब केवळ रिमोटचे काम करतो. याहून वेगळी रीत म्हणजे टॅबचा संपूर्ण पडदा जसाच्या तसा संचावर दाखवणे. काही ॲप स्वामित्वहक्काच्या बंधनामुळे या रीतीने चित्र दाखवत नाहीत. ध्वनी येतो आणि पडदा काळा राहतो. तो बिघाड नव्हे. अशा वेळी ॲपमधील चिन्हच वापरावे.

तिसरा मार्ग साध्या संचासाठी. एचडीएमआयच्या खाचेत बसणारी, बोटभर लांबीची स्ट्रीमिंग स्टिक मिळते. ती साध्या संचाला स्मार्ट करते आणि तिला स्वतःचा छोटा रिमोट असतो. बोटांना कंप असेल किंवा स्पर्शपडदा जमत नसेल, तर हाच मार्ग निवडावा. जुन्या, मागे फुगीर पेटी असलेल्या संचात लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या खाचाच असतात. त्याला रूपांतरक लावता येतो, पण अक्षरे पुसट दिसतात.

इंटरनेटचा हिशेबही हवा. साध्या प्रतीचा चित्रपट तासाला सुमारे १ जीबीपर्यंत डेटा वापरतो, उच्च प्रतीचा ३ जीबीपर्यंत. दिवसाला २ जीबीच्या योजनेत अडीच तासांचा चित्रपट मध्येच थांबू शकतो. वायफाय नसलेल्या घरी मुलांनी इतरत्र वायफायवर चित्रपट टॅबमध्ये उतरवून ठेवावेत आणि ज्येष्ठांनी ते तारेने पाहावेत. मात्र ज्या ॲपमधून चित्रपट उतरवला, ते तारेवाटे चित्र दाखवते याची एकदा खात्री करून घ्यावी.

शिकवण्याची रीत

भारतातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. त्या काळात तिथे आणि भोवतालच्या कारखान्यांत उमेदवारी केलेले कितीतरी जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्यांनी यंत्रांच्या भिंतीएवढ्या पॅनेलसमोर पाळ्या काढल्या, त्यांना रिमोटची चार बटणे समजत नाहीत असे मानणे अन्यायाचे आहे. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती होती आणि ती स्वतःच्या हातांनी गिरवून घेतली जात होती. घरी मात्र मुलगा किंवा नात झरझर बोटे फिरवते आणि विचारते, “कळलं ना, आजोबा?” आजोबा मान डोलावतात.

तेव्हा काळजी घेणाऱ्यांनी आपले हात मागे ठेवावेत. पहिल्या वेळेपासून कळ ज्येष्ठांनीच दाबावी. पायऱ्या पाचांहून अधिक नसाव्यात आणि त्या ठसठशीत अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून संचाशेजारी ठेवाव्यात: संच सुरू करणे, सोर्समध्ये एचडीएमआय २ निवडणे, टॅब उघडणे, चित्रपट लावणे, शेवटी संच बंद करणे. तारेच्या खाचेला आणि रिमोटवरील त्या कळीला एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. शिकवलेले दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने करून पाहावे. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या अवस्थेत तर दरवेळी तोच क्रम, तीच जागा आणि तोच रिमोट असणे फार मोलाचे ठरते.

बैठक आणि सुरक्षितता

संचाचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावा. संच उंच टांगला, तर दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना हनुवटी वर करावी लागते, नजर भिंगाच्या वाचनाच्या भागातून जाते आणि चित्र अंधूक दिसते. पलंगावर रेलून पाहतानाही हीच तक्रार येते. त्यावर नंबर बदलणे हा उपाय नव्हे. पाठीला टेकण असलेल्या, हाताचा आधार देणाऱ्या खुर्चीत बसावे. खोलीत पूर्ण अंधार करू नये. तार चालण्याच्या वाटेवर कधीही येऊ देऊ नये, ती भिंतीच्या कडेने पट्टीने बसवावी. वृद्धापकाळी अडखळून पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाला निमंत्रण. डहाणू-तलासरी भागाला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के बसत आले आहेत. तेव्हा संच डगमगत्या मेजावर न ठेवता भिंतीला किंवा मजबूत फडताळाला पक्का बांधावा.

आणखी एक सावधगिरी. टॅबचा संपूर्ण पडदा संचावर दिसत असताना बँकेचा संदेश किंवा ओटीपी आला, तर तो खोलीतील सर्वांना वाचता येतो. सूचना बंद करून मगच चित्रपट लावावा. चित्रपटांच्या टॅबवर बँकेचे ॲप नसलेलेच बरे. “तुमचा टीव्ही सक्रिय करून देतो, हे ॲप उतरवून घ्या,” असे फोनवरून कोणी अपरिचिताने सांगितले, तर तत्काळ फोन ठेवावा. अशा ॲपमधून समोरच्याला आपला पडदा दिसू लागतो. फसवणूक झालीच, तर लाजेने लपवू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर त्वरित कळवावे.

किती, काय आणि कोणासोबत

मोठा पडदा मिळाला म्हणून दिवसभर त्याच्यासमोर बसणे हितावह नाही. इंग्लंडमधील पन्नाशीपुढील ३,५९० व्यक्तींच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसाला साडेतीन तासांहून अधिक दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांची शब्दांची स्मृती पुढील सहा वर्षांत अधिक घटल्याचे दिसले. चित्रपट मध्यंतरासह पाहावा. अर्ध्या-पाऊण तासाने थांबवून उठावे, पाणी प्यावे, घरात एक फेरी मारावी. उठताना आधी पाय हलवून, क्षणभर खुर्चीच्या कडेला बसून मग उभे राहावे. बराच वेळ बसल्यावर एकदम उठले की रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. थांबवण्याची कळ स्वतःच्या हाती असली, की हे सारे आपसूक साधते.

टॅब हा एकट्याचा असतो. संचासमोर चार खुर्च्या मांडता येतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा एका घरातील संचासमोर सारी चाळ रविवारचा चित्रपट पाहत असे, हे या पिढीला सांगायला नको. २०२४ साली ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमी नोंदवल्या. त्यांत श्रवणदोष, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आणि एकाकीपणा या तिन्हींचा समावेश आहे. शेजारच्या काकूंना दुपारी ‘या, चित्रपट लावते’ असे म्हणता येणे, हे म्हणून क्षुल्लक नव्हे. प्रभातचा १९४१ सालचा ‘शेजारी’ अशा दुपारी आवर्जून पाहावा; दोन वृद्ध मित्रांच्या जिव्हाळ्याची ती कथा आहे. काळजी घेणाऱ्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहावा. त्यात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. स्वतः रुग्णाला मात्र तो दाखवण्यापेक्षा तरुणपणी पाहिलेले, गाणी पाठ असलेले चित्रपट लावावेत. कथानक विसरले तरी चाल ओठांवर येते.

येत्या रविवारी घरी हा प्रयोग करून पाहावा. जोडणी झाल्यावर सर्व तारा काढून ठेवाव्यात, संच बंद करावा, मुलांनी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकावा. चहा उकळेपर्यंत बाहेरच्या खोलीतून चित्रपटाचे शीर्षकसंगीत ऐकू आले, तर जोडणी खऱ्या अर्थाने झाली असे समजावे. न आल्यास पुठ्ठ्यावरील कोणती पायरी अडली ते शांतपणे विचारून तेवढी सोपी करावी आणि चहा पुन्हा टाकावा.