दांडा धरणाऱ्याला विचारा

गौरी-गणपती तोंडावर आले की आपल्याकडे घराघरांत डबे खाली उतरतात, जळमटं निघतात, फरशी घासून धुतली जाते. यंदा त्या साफसफाईच्या पहिल्याच दिवशी आमच्या मावशींनी हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि भिंतीला धरून उठत म्हणाल्या, "वैनी, गुडघं वाकंनात आता. दुसरं कोण तर बघा."

मावशी चौदा वर्षं आमच्याकडे आहेत. उकिडवं बसून, मागे मागे सरकत पाच खोल्या पुसायच्या, आणि आमच्यासारखी आणखी तीन घरं. काम सुटलं तर त्यांचं कसं भागणार? मला माझीच लाज वाटली. या चौदा वर्षांत घरातला टीव्ही बदलला, फ्रिज बदलला; मावशींच्या हातातलं मात्र तेच, जुन्या चादरीचं फडकं.

त्याच संध्याकाळी मी मोठ्या हौसेने फिरकीच्या बादलीचा मॉप घेऊन आले. दुकानात दिसायला फार छान! पण आमची न्हाणी मागच्या बाजूला, मध्ये उंबरा आणि तीन पायऱ्या. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, वर बादलीचं वेगळं. शिवाय दांडा आखूड. चार दिवसांनी मावशी हसून म्हणाल्या, "गुडघ्याचं दुखणं कमरंत गेलं बघा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वापरणार त्या आणि पसंत करणार मी, हे कसं चालेल? दुसऱ्या खेपेला त्यांनाच घेऊन खडेबाजारात गेले. प्रत्येक मॉप त्यांनी हातात धरून, दोन पावलं पुसल्यासारखं करून पाहिला. दांडा जमिनीवर उभा केला की साधारण खांदा ते हनुवटीच्या मध्ये यावा, म्हणजे वाकावं लागत नाही, हे मला तिथे कळलं. लहान-मोठा करता येणारा दांडा घेतला, कारण रविवारी पुसते मी, आणि मी मावशींपेक्षा वीतभर उंच आहे! मोठ्या बादलीऐवजी दोन लहान बादल्या घेतल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. दोन्ही अर्ध्याच भरायच्या.

आता फरशीचं. टाइल्स गुळगुळीत असतात, पाणी फारसं पीत नाहीत. त्यांच्यावर मायक्रोफायबरचं सपाट फडकं लावलेला मॉप उत्तम. ते घट्ट पिळून वापरायचं. पाणी साचलं की घरातलं म्हातारं माणूस घसरलंच म्हणून समजा. आमच्या सोप्यातल्या खडबडीत शहाबादीवर मात्र ते फडकं अडकतं. तिथे सुती दोऱ्यांचा मॉपच बरा.

शहाबादी म्हणजे चुनखडक. संगमरवरातही तोच चुना, आणि मोझॅकमध्ये तर संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवलेले. या तिघांना आम्ल सोसत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडासात घालायचं ॲसिड, काहीच नको. एका दिवाळीत मी चहाचा डाग काढायला ॲसिड ओतलं. फस्सकन फेस आला, डागाबरोबर फरशीची कांतीही गेली. त्या पांढुरक्या चट्ट्यावर आजही सतरंजी आहे. दुसरी गोष्ट जिवाची. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. रोजच्या पुसण्याला साध्या पाण्यात चमचाभर सौम्य साबण पुरतो.

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल मैत्रिणी नेहमी विचारतात. सोफा, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांना तो खरंच उपयोगी. धुळीची ॲलर्जी असेल तर हेपा फिल्टरचा पाहावा. पण साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढू नये. त्याला ओल्या-सुक्या दोन्ही कामांचा वेगळा मिळतो. आपोआप फिरणारा यंत्रमानवही आता मिळतो, पण जुन्या घरातला उंबरा त्याला ओलांडता येत नाही. उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवायला माणूस लागतोच.

आणि केरसुणी? ती आहेच. लक्ष्मीपूजनाला जिला हळद-कुंकू वाहतो, तिला घराबाहेर कोण काढेल? फक्त रोजच्या झाडण्याला लांब दांड्याचा झाडू आणलाय.

एक शेवटचं. आपल्या बेळगावच्या पावसात मॉप ओला कोपऱ्यात ठेवला तर दोन दिवसांत कुबट वास मारतो. फडकं सुटं होणारं घ्या, धुऊन वाऱ्यावर टांगा, एक जादा ठेवा.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. आता उभ्याने पुसतात. ओट्याखालचा कोपरा मॉपने निघत नाही, तो मी पुसते. परवा त्या म्हणाल्या, "दुसऱ्या घरच्या वैनींनाबी सांगा की हो." म्हणून हा लेख.