कुंपणाचा पाय

बडोद्यातील आमच्या परसबागेचे लाकडी कुंपण वडिलांनी उभारलेले. यंदा ते शेजारच्या बांच्या अंगणाकडे झुकले, तेव्हा मुलाने थेट विटांच्या भिंतीचा हिशेब मांडला. माझा कल रंगाचा एक हात देऊन वर्ष निभावण्याकडे होता. आम्ही दोघेही चुकत होतो, हे एका वृद्ध सुताराने साध्या दाभणाने दाखवून दिले.

फळ्यांकडे त्याने पाहिलेही नाही. खांबाच्या बुडाशी वीतभर माती उकरून दाभण टोचले. वरून धड दिसणाऱ्या खांबात ते दोन बोटे आत गेले. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत ओल असते, पण हवा थोडी. वर हवा असते, पण लाकूड लवकर सुकते. जमिनीलगत मात्र दोहोंची गाठ पडते, आणि खांब तेथेच मरतो. अकरांपैकी चार खांब असे निघाले. त्यांतल्या दोहोंवर वाळवीच्या मातीच्या नळ्याही चढल्या होत्या. खांब सागाचेच, पण टिकतो तो सागाचा तपकिरी गाभा, भोवतीचा फिकट भाग नव्हे. आमच्या खांबांत फिकट भागच अधिक होता. वडील काटकसरी होते, एवढेच म्हणतो.

नवे चार खांब सहा फुटांचे घेतले : चार फूट वर, दोन फूट मातीत. खड्ड्याच्या तळाशी अर्धा फूट खडी घातली, म्हणजे पाणी निचरून जाते. खांबाचा माथा तिरका कापविला, कारण कापलेल्या तोंडातून लाकूड पाणी फार पिते. फळ्या जमिनीपासून दोन इंच उचलल्या, खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरले. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात. हे काम मे महिन्यातच उरकावे. ओलसर लाकडावर तैलरंग चढविला तर ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. एक सावधगिरी गृहिणींनी अवश्य ध्यानात ठेवावी. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

भिंतीची गोष्ट बांच्या कानी गेली होतीच. त्यांचा तोंडलीचा वेल आमच्या कुंपणावर चढून इकडेही फळतो. निम्मी तोंडली आमच्या स्वयंपाकघरात येतात. ‘वाड विना वेलो न चडे,’ एवढेच त्या म्हणाल्या. काम चालले ते दोन दिवस सुताराने वेल न कापता बांबूंवर तोलून धरला, आणि बांनी मधल्या खिंडारातून चहा पुरविला.

मुलाचा भिंतीचा हिशेब अजून खणात आहे. उरलेले सात खांब पुढच्या मे महिन्यात पुन्हा टोचून पाहायचे आहेत. दाभण मी त्याच खणात ठेवले आहे.