खांद्यावरचं घर

वीकेण्डला कुठेतरी लांब जायचं, तंबू ठोकायचा, मोबाइलची रेंज गेली की 'वॉव' म्हणायचं आणि सोमवारी ऑफिसात फोटो दाखवून भाव खायचा. आपल्या पिढीचा हा एकदम फेव्हरिट फंडा! पण गाडी अडते ती टेण्टपाशी. चांगला टेण्ट म्हणजे पगार खलास, हा एक गैरसमज. स्वस्त मिळाला म्हणजे पैसे वसूल, हा दुसरा. दुसऱ्याची किंमत मी स्वतः मोजलीय, म्हणून आज थोडं ज्ञान पाजळते.

माझा पहिला टेण्ट स्टेशनजवळच्या बाजारातला. चार जणांचा, 'मॅडम, फुल वॉटरप्रूफ'. वजन साडेचार किलो! पहिल्याच ट्रिपला त्याची फायबरची काठी उभी चिरली आणि तिची कुसळं बोटात गेली. पहाटे वरून पाणी टपकायला लागलं. बाहेर येऊन बघते तर आभाळ लख्ख. तो पाऊस आमचाच होता. आमचा श्वास गार कापडाला लागून त्याचं पाणी होत होतं.

तर बॉस, दुकानात काय बघायचं?

वजन : दोघांचा टेण्ट अडीच किलोच्या आसपास असला तरी बजेटवाल्यांनी खूश व्हावं. एकाने कापड घ्यायचं, दुसऱ्याने काठ्या आणि खुंट्या. प्रत्येकाच्या पाठीवर सव्वा किलो. घडी केली की थाळीसारखे गोल होणारे, फेकले की उघडणारे टेण्टही मिळतात. केचुआचा 'टू सेकण्ड्स' २००५ साली आला तेव्हा सगळे बघतच राहिले होते. गाडीने जाणार असाल तर मस्त. लोकलच्या गर्दीत ती थाळी पाठीवर लावून बघा, डबा तुम्हाला काय म्हणतो ते!

दोन थर : आत जाळीचा, वर पाण्याचा. दोन्हींत हवा खेळली पाहिजे. एकाच कापडाचा टेण्ट हलका असतो, पण आपल्या दमट हवेत सकाळी अंघोळ फुकट.

मिलीमीटरचा आकडा : टेण्टवर २०००, ३००० असं लिहिलेलं असतं. कापडावर पाण्याचा तेवढ्या मिलीमीटर उंचीचा स्तंभ उभा केला तर तोपर्यंत ते गळत नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या कापडाला २००० पुरे. जमिनीच्या कापडाला जास्त हवा, कारण तिथे आपलं गुडघ्याचं वजन पाणी दाबतं. आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बोटाने चाचपून बघा. पाणी आधी शिवणीतूनच येतं.

काठ्या : फायबर स्वस्त, पण जड आणि चिरणारं. अॅल्युमिनियम हलकं, वाकलं तरी सरळ करता येतं. पाचशे-हजार वाढवायचेच असतील तर इथे वाढवा.

उभा राहण्याची पद्धत : आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कातळ, नाहीतर मुरूम. खुंटी आत जात नाही, वाकते. म्हणून काठ्यांवर आपोआप उभा राहणारा घुमटासारखा टेण्ट घ्या. दोऱ्या दगडांना बांधता येतात.

आणि 'दोन जणांचा' म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपणारे दोन जण. बॅगा त्यात धरलेल्या नसतात. दुकानात लाज न बाळगता आत आडवे होऊन बघा. खाली अंथरायला महागडी शीट नको, ताडपत्रीचा तुकडा चालतो. फक्त तो टेण्टच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा, नाहीतर पाणी त्याच्यावरच साचतं. पहिली ट्रायल बिल्डिंगच्या गच्चीवर करा. सेक्रेटरी काय म्हणतील, ते म्हणू देत!

एवढा अभ्यास करून मी साडेचार हजारांचा नवा टेण्ट घेतला आणि मैत्रिणीबरोबर निघाले वांगणीला. सेण्ट्रलवाल्यांनो, बदलापूरच्या पुढचं स्टेशन नव्हे. ही वांगणी जव्हारची. ठाण्याहून एसटीने जव्हार, पुढे जीप. दिवाळी नुकतीच संपली होती, नाचणी-वरई काढून झाली होती, हवेत छान गारवा.

गुगल केलं की वांगणीबरोबर पहिल्यांदा निसर्ग येत नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीत शंभरहून जास्त मुलं कुपोषणाने गेली, ते येतं. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मास कम्युनिकेशनच्या वर्गात या गावाचं नाव एकदा ऐकलं होतं, परीक्षेपुरतं. आता तिथेच मी 'वाइल्ड कॅम्पिंग'ला चालले होते, पाठीवर एकेक ग्रॅम मोजून.

जागा तर सॉलिड दिसली. सपाट माळ, समोर डोंगर, माणूस नाही. आम्ही काठ्या जोडायला घेतल्या आणि पायवाटेने एक मावशी आल्या, डोक्यावर मोळी. म्हणाल्या, ''ताई, हे आमचं खळं आहे. पण राहा की.''

मला जे जंगल वाटलं होतं ते कुणाचं तरी अंगण होतं. इथे मोकळी दिसणारी जमीन एक तर कुणाची तरी असते, नाहीतर वन खात्याची, आणि तिथे परवानगीशिवाय मुक्काम करायचा नसतो. मी सॉरी म्हटलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. मोळी उतरवून त्या टेण्टभोवती एक फेरी मारून आल्या. कापड दोन बोटांत धरून बघितलं, काठी वाकवून बघितली. दुकानात मी केलं होतं तेच, पण चौपट वेगाने.

''वारा या अंगाने येतो. तोंड तिकडे करा,'' त्या म्हणाल्या. आम्ही तोंड फिरवलं.

''भट्टीवर आमचं पण असंच असतं. बांबू आणि ताडपत्री. पोरं आत, आम्ही दाराशी.'' त्यांनी वीटभट्टीची उचल घेतली होती. पुढच्या आठवड्यात सगळं घर भिवंडीकडे निघणार, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. सहा-सात महिने. जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी घरांचं वेळापत्रक हेच आहे.

मग त्यांनी विचारलं, ''केवढ्याला पडला?''

''दोन हजार,'' मी म्हणाले.

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी खुंटीकडे बघत बसले.

रात्री मावशींनी नाचणीची भाकर आणि चटणी आणून दिली. पैसे घेईनात. ''थंडी वाजली तर पडवीत या निजायला,'' म्हणून गेल्या. टेण्ट, खरं सांगते, अप्रतिम निघाला. वारा पाठीवर घेतला, सकाळी आतून एक थेंब नाही. वाऱ्याची दिशा कुठल्याच बॉक्सवर छापलेली नसते.

तेव्हा माझ्या यादीत चार गोष्टी वाढवा. जागा कुणाची हे आधी विचारा. पिण्याचं पाणी जमेल तेवढं बरोबर न्या. जव्हारला पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात बायका हंड्यांसाठी लांब चालतात. सुकल्या गवतात शेकोटी नको. आणि जेवण मिळालं तर त्याचे पैसे द्या, घेत नसतील तर पुन्हा एकदा विचारा. आम्ही दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी घेतले.

टेण्ट सध्या माझ्या गॅलरीत वाळतोय. ओला गुंडाळू नका, बुरशी धरते. पुढच्या वेळी कुणी किंमत विचारली, तर खरी सांगायची, असं ठरवलंय.