सहा चेंडूंची चाचणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या आयपीएल लिलावात जितेश शर्मावर ११ कोटींची बोली लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीत एका टपरीवर चहा पीत उभा होतो. शेजारच्या काकांनी पेपरची घडी घातली, ती काखेत मारली आणि निकाल दिला, "दम असला ना बाप्पा, तं पोट्टं कोठूनबी वर येते." टपरीवाल्याने मान हलवली. मीही हलवली. आपल्या गावच्या पोराचं नाव पहिल्या पानावर असताना वाद घालण्याइतका करंटा मी नाही. पण चहा संपला आणि ते वाक्य घशात अडकून राहिलं, ते अजून खाली उतरलेलं नाही.

हे वाक्य काकांचं एकट्याचं नाही. क्रीडा पुरवणीपासून शाळेच्या बक्षीस समारंभापर्यंत सगळीकडे ते ऐकू येतं. गुणवत्ता दडत नाही, म्हणे. मग जितेशचीच जंत्री मांडून बघू.

शाळेत त्याने क्रिकेट धरलं ते राज्याकडून खेळल्यावर मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या आशेने. जायचं होतं संरक्षण दलात. हे त्यानेच मुलाखतीत सांगितलं आहे. २०१४ साली तो विदर्भाच्या एकदिवसीय संघात आला. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने ३४३ धावा काढल्या, त्यात एक शतक होतं. त्या जोरावर मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांत घेतलं. दोन हंगाम तो त्या संघात होता, पण एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मग करार संपला आणि पुढची चार वर्षं लिलावात त्याला कुणी विचारलं नाही. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत उचललं, आणि ३ एप्रिल २०२२ ला चेन्नईविरुद्ध तो पहिल्यांदा आयपीएलच्या मैदानात उतरला. तेव्हा त्याचं वय होतं २८.

आता काकांना विचारायचं ते एवढंच, की २०१७ ते २०२२ या काळात त्याचा दम कुठे गेला होता? पोरगा तोच होता, मनगटही तेच. दम असला की वर येतंच हे खरं मानलं, तर त्या चार वर्षांत त्याच्यात दम नव्हता असं मानावं लागतं, आणि ते तर काकाही मानणार नाहीत. खोट हिशोबात आहे. विहिरीत पडलेल्या दहा जणांतला जो पोहून वर आला, त्यालाच आपण विचारतो, "पाणी फार खोल नव्हतं ना रे?" बाकीचे नऊ उत्तर द्यायला काठावर येत नाहीत.

हा वरवरचा न्याय फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये लिलावाऐवजी ड्राफ्ट असतो. व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजांतली पोरं उचलतात. उरतात ते अनड्राफ्टेड. त्यातल्या एखाद्याला शिबिराचं बोलावणं येतं: ये, चार दिवस दाखव, मग पाहू. कर्ट वॉर्नर हा नॉर्दर्न आयोवासारख्या लहान विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा सूत्रधार. १९९४ मध्ये त्याला कुणी निवडलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने शिबिराला बोलावलं आणि हंगामाआधीच परत पाठवलं. तो रात्रपाळीला किराणा दुकानात फळ्यांवर माल लावू लागला. १९९९ च्या हंगामात सेंट लुईस रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला, वॉर्नर उभा राहिला, जानेवारी २००० मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला, आणि २०१७ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं.

ही गोष्ट सांगणारे किराणा दुकानावर भलतेच खूश असतात. रात्रपाळी, गरिबी, जिद्द, आणि मग ट्रॉफी. मधला भाग ते गाळतात. दुकान आणि सुपर बोल यांच्या मध्ये वॉर्नर आयोवातच बंदिस्त मैदानावरच्या एरिना फुटबॉलमध्ये तीन हंगाम खेळला, मग ॲम्स्टरडॅमला जाऊन युरोपातल्या लीगमध्ये खेळला. नाव नसलेलं, पैसा बेताचा, पण सामने खरे. आठवड्याला एक सामना, समोर खरा प्रतिस्पर्धी, हातात चेंडू. या मधल्या पायऱ्या नसत्या तर तो माणूस आजही उत्तम माल लावत असता, आणि त्याच्यात मुळातच दम नव्हता असं आपण म्हणालो असतो. म्हणालो तरी कशाला असतो, नावच ऐकलं नसतं.

जितेशच्या त्या चार कोऱ्या वर्षांत नेमकं हेच होतं. विदर्भाची टोपी होती. मुश्ताक अली होती, विजय हजारे होती, सामन्याचं मानधन होतं, प्रवास होता, नेट होतं. टीव्हीवर कुणी पाहत नसलेलं ते क्रिकेट त्याला खेळता ठेवत होतं. अकरा कोटींची बातमी पहिल्या पानावर येते, पण ज्याने त्याला तोवर शाबूत ठेवलं त्या क्रिकेटचा धावफलक आतल्या पानावर चार ओळींत संपतो.

दुसरं म्हणणं जरा शहाण्या लोकांचं असतं. बाजार खोटं बोलत नाही, ज्याची किंमत नाही त्याची लायकी नाही. जेद्दाला १५७४ नावं नोंदली होती, विकले गेले १८२. उरलेले १३९२ नालायक? आणि किंमत म्हणजे काय, तेही त्याच दिवशी दिसलं. बंगळूरने जितेशवर ७ कोटींची बोली लावली, पंजाबने आपला जुना हक्क वापरतो म्हणून हात वर केला, तसे बंगळूरवाले थेट ११ वर गेले. काही मिनिटांत माणूस ४ कोटींनी महाग झाला, आणि त्या मिनिटांत त्याने एकही चेंडू टोलवला नव्हता. अकोल्याच्या न्यू क्लॉथ मार्केटमधल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, तो सांगेल की ही मालाची प्रत नव्हे, दोन गिऱ्हाइकांची ईर्ष्या आहे. बाजार गरज मोजतो, आणि गरज दर वर्षी बदलते. डिसेंबर २०२५ मध्ये टी-२० विश्वचषकाचा भारतीय संघ जाहीर झाला तेव्हा यष्टिरक्षक म्हणून संजू सॅमसन आणि इशान किशन होते, जितेश नव्हता. आदल्याच सप्टेंबरात आशिया चषक जिंकणाऱ्या संघात तो होता. तीन महिन्यांत त्याची लायकी गेली, असं म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.

तिसरं म्हणणं मला सगळ्यांत जास्त डाचतं, कारण ते कौतुकाचा सदरा घालून येतं. लहान गावातल्या हालअपेष्टांतूनच खरे खेळाडू घडतात, सोयी दिल्या की पोरं बिघडतात. पुरावा म्हणून उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, पोलीस भरतीत नाकारला गेलेला, २०११ मध्ये कसोटी खेळला. खरं आहे, आणि अभिमानाचं आहे. पण त्याच गोष्टीतलं एक वाक्य जरा सावकाश वाचा: उमेशने लेदरचा चेंडू नीट हातात घेतला तो विशीच्या आसपास. ताशी १४० किलोमीटरने टाकणारा हात टेनिस बॉलवर इतकी वर्षं राबला, याला संस्कार म्हणायचं की उधळपट्टी? अभावाने उमेश घडवला नाही. अभावाला तो पुरून उरला. ज्यांना अभाव पुरून उरला ते आज कुठे बँकेत, कुठे पेट्रोल पंपावर, कुठे माझ्यासारखे लेख लिहीत आहेत.

मी थट्टेने म्हणत नाही. माझीही एक निवड चाचणी झाली होती, तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने जाऊन. दीडशेच्या वर पोरं, दोन नेट, आणि छत्रीखाली खुर्च्या टाकून बसलेले तिघे. माझे पॅड मावसभावाचे, डाव्या पायाचा पट्टा तुटलेला, तो सुतळीने बांधला होता. आयुष्यभर मॅटिंगवर खेळलेला मी पहिल्यांदा टर्फवर उभा राहिलो. मॅटवर चेंडू उसळून छातीशी येतो, तिथे तो गुडघ्याखालीच राहिला. पहिले तीन सुटले, चौथा पॅडवर आपटला आणि सुतळी तुटली. पाचवा बॅटच्या मधोमध बसला, इतका की आवाजानेच मला कळलं. पण तेव्हा खुर्चीतले गृहस्थ खाली वाकून कळशीतलं पाणी घेत होते. सहावा खेळलो आणि "नेक्स्ट" ऐकू आलं. मी फार मोठा फलंदाज झालो असतो असा माझा दावा नाही. बहुधा झालो नसतोच. पण मला नेमकं नाकारलं कोणी, हे मला अजून कळलेलं नाही. त्या सहा चेंडूंनी की त्या कळशीने?

इथे चौथं म्हणणं उभं राहतं, आणि ते आपल्याच माणसांचं आहे: नागपूरवाले वऱ्हाडाच्या पोरांना घेतच नाहीत. या रडगाण्याला मी साथ देणार नाही, कारण पुरावा उलट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला विदर्भ रणजीचा पहिलावहिला अंतिम सामना खेळत होता. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या संघाला तिथवर यायला ६० वर्षं लागली होती. त्या सामन्यात संघाने नवा चेंडू रजनीश गुरबानीच्या जोडीला अकोल्याच्या आदित्य ठाकरेच्या भरवशावर ठेवला, आणि ते त्याचं प्रथम श्रेणीतलं पदार्पण होतं. अंतिम सामन्यात पदार्पण! मनात आकस असणारे असं करत नाहीत. त्याच हंगामात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्याच अथर्व तायडेने मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा ठोकल्या. दोघेही अकोला क्रिकेट क्लबच्या मैदानावर वाढलेले.

"मग जितेश विदर्भ सोडून बडोद्याला का गेला?" असं लगेच विचारलं जाईल. गेला, कारण यष्टीमागे जागा एकच असते आणि रणजी संघात तिथे कर्णधार अक्षय वाडकर उभा आहे. हे दुष्टपण नव्हे, हे अंकगणित आहे.

आकस नाही, पण अंतर आहे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. चाचणी, शिबिर, सराव सामना, सगळ्यासाठी किटबॅग घेऊन पोरानेच जायचं. बडनेऱ्याच्या फलाटावर रात्रीच्या गाडीची वाट बघत किटबॅग उशाला घेऊन झोपलेली पोरं मी कितीदा पाहिली आहेत. सोबत बाप असतो, त्याची रजा गेलेली असते. पोरगा दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेत सहा चेंडू खेळतो. नागपूरचा मुलगा घरी पोहे खाऊन येतो. दोघांचे सहा चेंडू सारखे कसे?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चाचणीत फक्त पोरगा तपासला जात नाही, पाहणाऱ्याची नजर किती लांब जाते तेही तिथेच कळतं. पोरांना नागपूरला नेण्याऐवजी नजर अकोल्याला, अमरावतीला, परतवाड्याला, अकोटला आली पाहिजे. नेटमध्ये सहा चेंडू बघून नव्हे, सामने बघून निवड व्हावी. जिल्ह्याची लीग पंधरा दिवसांत उरकायची नाही, हंगामभर चालवायची. काळ्या मातीच्या या मुलखात टर्फच्या खेळपट्ट्या प्रत्येक तालुक्याला होणं काही आकाशाला गवसणी नाही; माती आपली आहे, पाणी आणि माळी लागतो. आणि नाकारलेल्या पोराला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं निमंत्रण, त्याच्या नावानिशी. पहिल्या चाचणीत कुणीही चुकतो, पोरगाही आणि निवडणाराही.

खेळाची परंपरा नाही, असं तरी इथे कुणी म्हणू नये. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि १९३६ मध्ये त्याचे खेळाडू बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब आणि कबड्डी दाखवून आले. ज्या गावाने तेव्हा आपली पोरं जर्मनीला पाठवली, त्याला आज निवड समितीच्या एका गाडीचं डिझेल जड जावं?

लोक मला मे २०२५ ची लखनौची रात्र ऐकवतात. २२८ चा पाठलाग, बंगळूरचं नेतृत्व त्या दिवशी जितेशकडे, ३३ चेंडूंत नाबाद ८५. ती खेळी मीही पुन्हा पुन्हा पाहतो. पण या वादात मला त्याआधीची एक संध्याकाळ जास्त कामाची वाटते.

१७ मे २०२३, धरमशाला. पंजाबपुढे दिल्लीने ठेवलेलं २१४ चं लक्ष्य. अथर्व तायडे ४२ चेंडूंत ५५ वर खेळत होता, पण धावगती हाताबाहेर चालली होती. पंधरावं षटक संपलं आणि त्याला बाद न होताच परत बोलावलं गेलं. रिटायर्ड आउट. अर्धशतक काढलेला अकोल्याचा पोरगा खाली मान घालून सीमारेषेकडे निघाला, आणि त्याच्या जागी आत आला अमरावतीचा जितेश. एकाच रेल्वेमार्गावरच्या दोन गावांची पोरं, हिमालयाच्या पायथ्याशी एकमेकांची जागा घेत होती. जितेश शून्यावर बाद झाला. पंजाब १५ धावांनी हरलं. ती दोघांची एकुलती एक चाचणी असती, तर एकाला संथ म्हणून आणि दुसऱ्याला शून्य म्हणून त्याच रात्री घरी धाडलं असतं.

दोन दिवसांनी त्याच मैदानावर राजस्थानविरुद्ध पंजाबने दोघांनाही पुन्हा खेळवलं. तायडेने १२ चेंडूंत १९ केल्या. जितेशने २८ चेंडूंत ४४.