घरची बोली हे मुलाचे भांडवल

दरवर्षी शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की सीमाभागातील गावागावांत एकच खल सुरू होतो. मुलाला गावच्या मराठी शाळेत घालायचे, कन्नड शाळेत घालायचे की तालुक्याहून गाडी येते त्या इंग्रजी शाळेत? मराठी शाळेचा पट घसरतो, दोन-तीन वर्ग एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतात आणि मग 'तिथे शिकवतच नाहीत' म्हणून उरलीसुरली मुलेही निघून जातात. या दुष्टचक्रावर आजवर सभा झाल्या, निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले. ते सारे आवश्यकच होते. मात्र वर्गाच्या चार भिंतींच्या आत मूल नेमके कसे शिकते, हा मूळ प्रश्न या गदारोळात मागे राहतो. आज आम्ही त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

आधी कायद्याची बाजू पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य असेल तेथवर मातृभाषेतूनच शिकवावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरची भाषा हेच माध्यम असावे असे नमूद केले. दुसरीकडे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निकाल दिला की, मातृभाषेचे माध्यम सरकारला कोणावर लादता येणार नाही, निवड पालकांची. तात्पर्य, दार उघडे आहे, पण आत यायचे की नाही हे आई-बापच ठरवणार. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. त्यांना पटवावेच लागेल, आणि पटवायचे तर पुराव्यानिशी.

पालकांचे म्हणणे साधे आहे. इंग्रजी जितक्या लवकर, तितकी पक्की. उद्यमबागेतल्या फौंड्रीत घाम गाळणाऱ्या बापाला आपल्या पोराने कचेरीत बसावे असे वाटले तर त्यात गैर ते काय? परंतु कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला एक भेद या पालकांनी समजून घेण्यासारखा आहे. परक्या देशातून आलेल्या मुलांच्या अभ्यासावरून त्यांनी दाखवले की, बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नवी भाषा कानावर सतत पडत असेल तर खेळण्या-बोलण्यापुरती ती दोनएक वर्षांत येते. पण त्याच भाषेतून विज्ञान, इतिहास, गणित समजून घेऊन मत मांडायला पाच ते सात वर्षे लागतात. हा हिशेब इंग्रजी सभोवताली असलेल्या कॅनडातला आहे, हे विसरता कामा नये. आमच्या खेड्यात इंग्रजी शाळेच्या फाटकाशीच संपते.

म्हणूनच दुसरीतले पोर पाहुण्यांपुढे इंग्रजी कविता घडाघडा म्हणते तेव्हा बापाचा ऊर भरून येतो, आणि तेच पोर सहावीत धडा स्वतःच्या शब्दांत सांग म्हटले की खाली मान घालते. मग ते प्रश्नोत्तरे पाठ करू लागते. शिकवणीला पैसे जातात, घोकंपट्टी वाढते, समज वाढत नाही. कमिन्स यांचा दुसरा सिद्धान्त याहून मोलाचा आहे. एका भाषेत कमावलेली समज दुसरीत उपयोगी पडते. ज्याला मराठीत 'कारण' आणि 'परिणाम' कळले, त्याला इंग्रजीत नवे शब्द तेवढे शिकावे लागतात. ज्याला कोणत्याच भाषेत ते कळले नाही, त्याला दोन्ही शिकावे लागते.

हे केवळ पुस्तकी आहे काय? नायजेरियातील इफे येथे १९७० साली बाबातुंडे फाफुन्वा यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. नेहमीच्या पद्धतीत पहिली तीन वर्षे योरुबा भाषेत शिकवून पुढे सारे इंग्रजीतून शिकवले जाई. प्रयोगातील मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून, त्यासाठी तयार केलेल्या शिक्षकाकडून शिकवली. ही मुले इतर विषयांत तर सरस ठरलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत. ही गोष्ट ठळकपणे सांगायची ती एवढ्यासाठी की, मातृभाषेतून शिकणे म्हणजे इंग्रजीला मुकणे नव्हे. मात्र त्या प्रयोगात इंग्रजीचा शिक्षक चांगला होता, पुस्तके योरुबात तयार केलेली होती, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. नुसत्या पाटीवर 'मराठी शाळा' लिहिल्याने हे फळ मिळत नाही.

आता आणखी एका सीमाभागाकडे वळू. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातले टूसान हे शहर १८५४ पर्यंत मेक्सिकोत मोडत होते. करार झाला, सीमा सरकली, माणसे जागच्या जागी राहिली. हे दुःख आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी वस्त्यांतली मुले शाळेत मागे पडत आणि घरी शिक्षणाचे वातावरण नाही, असे कारण सांगितले जाई. लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच या मुलांच्या घरी धाडले. तक्रार सांगायला नव्हे किंवा उपदेश करायलाही नव्हे, तर त्या घराकडून शिकायला. १९९२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेती, जनावरे, बांधकाम, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा व्यापार अशा कितीतरी गोष्टींचे बारीक ज्ञान त्या घरांत होते. शाळेला त्याचा पत्ताच नव्हता. एक मुलगा मेक्सिकोतली मिठाई शेजारीपाजारी विकतो, हे शिक्षिकेला घरभेटीत कळले. तिने मिठाईवरच पाठ रचला, दोन्ही देशांच्या मिठाईतील जिन्नसांची तुलना मुलांनी केली आणि एका पालक बाईंनी वर्गात येऊन ती करून दाखवली. ज्या घराला शाळा 'मागास' म्हणत होती, तेच घर गुरुजींच्या जागी उभे राहिले.

आमच्या गावांत हे भांडवल कमी आहे काय? गवंड्याचा मुलगा बापाला दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून कोपरा गुण्यात घेताना रोज पाहतो. पुढे भूमितीच्या तासाला पायथागोरसाचा सिद्धान्त त्याला फळ्यावरून पाठ करावा लागतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर घनफुटांची ब्रास, गुऱ्हाळातला रस आटवण्याचा अंदाज, मागावरच्या ताण्याचा हिशेब, खानापूरकडच्या कौला-विटांची भट्टी, हे सारे गणित आणि विज्ञानच आहे. ते मुलाच्या घरच्या भाषेत आहे. त्या भाषेसकट ते शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचे आणि मग मूल कच्चे म्हणायचे, हा कुठला न्याय?

येथे आमच्या मराठी शाळांनीही आरशात पाहावे. मुलाने गावची बोली बोलली की 'शुद्ध बोल' म्हणून त्याला गप्प बसवणारे शिक्षक मराठी शाळांतही आहेत. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, पण बोलीचा हात धरून, तिचा अपमान करून नव्हे. खानापूर तालुक्यात कोंकणी बोलणाऱ्या घरातले किंवा कन्नड घरातले मूल मराठी शाळेत आले, तर त्याच्याही भाषेला हाच मान मिळाला पाहिजे. जो न्याय आम्ही सरकारकडे मागतो, तो आमच्या वर्गात नाकारता येणार नाही.

कन्नडचेही तसेच. राज्याच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकणे बंधनकारक झाले आहे. सक्तीबद्दलची आमची नाराजी स्पष्ट आहे, पण भाषेशी वैर नाही. आठवड्याच्या बाजारात आमची माणसे दोन्ही भाषांत घासाघीस करतात. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडने मराठीला दिलेले आहेत. कन्नड उत्तम शिकवा, इंग्रजी उत्तम शिकवा, पण मराठीच्या पायावर शिकवा. पाया काढून माडी चढवता येत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या दोन ठिकाणी आहेत. सरकारकडे मागणी ही की, मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात, पुस्तके शाळा उघडताना हातात द्यावीत आणि इंग्रजी व कन्नड दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचे प्रशिक्षण त्या शिक्षकांना द्यावे. ३५०-अ कलमातील 'पुरेशा सोयी' या शब्दांचा अर्थ याहून वेगळा असूच शकत नाही.

दुसरी मागणी आपल्याच माणसांकडे आहे. शिक्षकांनी वर्षातून दोनदा तरी प्रत्येक मुलाच्या घरी जावे, वही घेऊन जावे आणि त्या घराला काय येते ते लिहून आणावे. शाळा सुधारणा समितीने महिन्यातून एक तास गावातल्या गवंड्याला, विणकराला, दाईला, शेतकऱ्याला द्यावा. आणि पालकांनी शाळा निवडताना गणवेश आणि गाडी पाहू नये. तिसरीतल्या मुलाला एक गोष्ट वाचायला द्यावी आणि 'असे का झाले?' एवढेच विचारावे. ज्या शाळेतली मुले या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देतात, ती शाळा चांगली. आमच्या मराठी शाळांनी या परीक्षेला बसण्याची तयारी ठेवावी. त्या उत्तीर्ण झाल्या तर पट टिकवण्यासाठी कोणाच्या दारात विनवणी करत फिरण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.