शांत बसणं आणि गप्प बसणं



आपल्या शिबिरांत अलीकडे सकाळचा पहिला तास प्राणायाम आणि ध्यानाला दिला जातो. सगळ्यांना ते पटतंच असं नाही. "बायांना लढायला शिकवायचं की डोळे मिटायला?" असं मागच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं. प्रश्न रास्त आहे. तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच लिहिते आहे.

माझं काम गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या गावांत चालतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम स्थापन केला. पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही इथली शिस्त गुरुदेव सेवा मंडळांनी विदर्भात गावोगावी नेली. ४१ अध्यायांच्या ग्रामगीतेत 'महिलोन्नती' हा स्वतंत्र अध्याय आहे. याच टापूत दुसरी परंपराही तितकीच जिवंत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर वऱ्हाडात वस्तीवस्तीत बुद्धविहारं उभी राहिली आणि पौर्णिमेच्या वंदनेला आजही बाया आवर्जून जमतात. त्यामुळे शांत बसणं हे आपल्या बायांना कुणी शहरातून आणून शिकवलेलं नाही. ते त्यांच्या गावात आधीपासून आहे.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे येणारी बाई 'मला नैराश्य आलं आहे' असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, "ताई, जीव घाबरते. झोप येत नाई. कशातच मन लागत नाई." मागे नापिकी असते, कर्ज असतं, नवऱ्याची दारू असते, कधी त्याच्या आत्महत्येनंतर सासरच्यांनी शेताच्या कागदावर मागितलेला अंगठा असतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येची निदान चर्चा तरी होते. २०२१ साली देशात आत्महत्या केलेल्या स्त्रियांची सरकारी नोंद ४५,०२६ आहे आणि त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांच्यासाठी कुठला मोर्चा निघाला?

अशा बाईला घरचे काय सांगतात? देवाचं नाव घे, मन शांत ठेव, सहन कर. इथेच आपण सावध व्हायला हवं. 'शांत बस' आणि 'गप्प बस' यांतलं अंतर पुसून टाकणं पुरुषप्रधान व्यवस्थेला फार सोयीचं असतं.

पश्चिमेकडच्या मानसशास्त्रानं ध्यानाकडे गंभीरपणे पाहिलं ते उपचार म्हणून. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा पाया बौद्ध ध्यानाचा होता, सोबतीला सोपी योगासनं होती. पुढे त्याची सांगड विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराशी घातली गेली. वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण त्यामुळे कमी होतं, असं अभ्यासांतून दिसलं. आपल्याकडे ठाण्याची 'आयपीएच' ही संस्था १९९० पासून अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीतून लोकांपर्यंत नेते आहे. म्हणजे या दोन वाटा एकमेकींना अनोळखी नाहीत.

त्या एकत्र कशा चालतात, ते एका उदाहरणानं सांगते. 'माझंच काहीतरी चुकतं, म्हणून हा मारतो,' हा विचार मार खाणाऱ्या कितीतरी बायांच्या मनात घर करून असतो. श्वासाकडे लक्ष देत बसायची सवय झाली, की हा विचार येताना आणि जाताना दिसू लागतो. आपण म्हणजे हा विचार नव्हे, एवढं तरी उमगतं. मग समुपदेशक विचारते, हे खरं कशावरून? भाजीत मीठ बरोबर होतं त्या दिवशी मार चुकला का? बाई स्वतःच पुरावा तपासते आणि विचाराची पकड सुटते. पण काठी? काठी ध्यानानंही जात नाही आणि समुपदेशनानंही जात नाही. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लागतो, संरक्षण अधिकारी लागतो आणि दारात उभ्या राहणाऱ्या दहा बाया लागतात. या तिन्हींतली एक जरी पायरी गाळली, तरी आपण त्या बाईला अर्ध्या वाटेवर सोडतो.

काही धोकेही आहेत. जिच्यावर अत्याचार झाला आहे, तिला डोळे मिटताच तेच सगळं पुन्हा दिसू शकतं. तिला डोळे उघडे ठेवून, जमिनीवर पाय टेकवून, सोबतीला कुणी असताना बसवावं, किंवा बसवूच नये. गंभीर मानसिक आजार असलेल्या बाईला डॉक्टरांना न विचारता दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवू नये. 'प्रार्थनेनं बरं वाटतं, आता गोळ्या कशाला,' असं कुणी म्हणालं, तर तिथे ठामपणे नाही म्हणावं.

मग खेड्यात हे सगळं करणार कोण? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालं आहे. 'विश्राम' प्रकल्पानं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत काम केलं. गावातल्याच कार्यकर्त्यांना मानसिक प्रथमोपचार शिकवले, त्यापुढे प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, अशी साखळी बांधली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के झाले. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जवळच्या माणसानं, आपल्या बोलीत विचारलं, की बाया बोलतात. हे आपल्याला ठाऊक होतं, आता आकड्यांनीही सांगितलं.

थेरीगाथेतल्या किसा गोतमीची आठवण इथे होते. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धानं एकटीनं डोळे मिटून बसायला सांगितलं नाही. जिथे कुणाचाच मृत्यू झाला नाही, अशा घरून मोहरी आणायला सांगितलं. ती दारोदार गेली, प्रत्येक घरचं दुःख तिनं ऐकलं, मग तिचं मन थाऱ्यावर आलं. दुःख वाटून घेण्याची ही रीत आपल्या बचत गटांना नवी नाही. बौद्ध परंपरा आणि पातंजल योगसूत्रं मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगतात. त्यातल्या उपेक्षेचा अर्थ समतोल. अन्यायाकडे पाठ फिरवणं हा तिचा अर्थ नाही.

तेव्हा त्या जुन्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. सकाळचा तास राहू द्या, पण त्याला जोडून दुसरा तास बोलण्याचा ठेवा. प्रत्येक गटातल्या दोघींनी मानसिक प्रथमोपचार शिकावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात आणि औषधं शिल्लक आहेत का, याची लेखी विचारणा करा. टेलिमानसचा १४४१६ आणि महिला मदतीचा १८१ हे क्रमांक विहाराच्या आणि प्रार्थना मंदिराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. सायंकाळच्या प्रार्थनेनंतर बाया लगेच उठत नाहीत. त्या दहा मिनिटांत आपल्यापैकी कुणीतरी तिथे असली पाहिजे. "झोप येते का गं?" एवढं विचारलं तरी सुरुवात होते.

शांत बसल्यावर बाईला स्वतःचा आवाज ऐकू येतो. तो गावाला ऐकू जाईल हे पाहणं, हे आपल्या संघटनेचं काम.