मुलांची सर्दी आणि रूप पालटणारा विषाणू

थंडी पडू लागली, मुले खोकू लागली की ‘पुन्हा कोरोना तर नाही ना?’ असा धसका आजही अनेक पालक घेतात. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्यामागील माहिती अपुरी आहे.

‘कोरोना’ हा शब्द २०२० साली घरोघरी पोहोचला. परंतु त्याच कुळातील चार विषाणू त्यापूर्वीपासूनच मुलांना सर्दी-खोकला देत आले आहेत. त्यांतील दोन १९६०च्या दशकात सापडले. एनएल६३ हा २००४ साली नेदरलँड्समधील सात महिन्यांच्या बाळामुळे उजेडात आला, तर एचकेयू१ पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये. ओसी४३ हा १८९०च्या सुमारास गुरांच्या विषाणूपासून वेगळा झाला असावा, असा अंदाज बेल्जियममधील संशोधकांनी मांडला आहे. (म्हणून कोणी गोठ्याची धास्ती घेऊ नये, आता तो माणसाकडूनच माणसाला होतो.)

तेच दुखणे पुन:पुन्हा का होते? सिएटल येथील संशोधकांनी २०२१ साली याचा शोध घेतला. १९८०च्या दशकात साठवलेल्या मानवी रक्तद्रवाने त्या काळचा २२९ई विषाणू निष्प्रभ झाला. पुढील दशकांतील त्याच्याच वंशजांपुढे मात्र तो बराच निष्प्रभ ठरला. विषाणूच्या बाह्य काट्यांची घडण हळूहळू बदलत गेली होती. तेव्हा बालकाला वारंवार सर्दी झाली म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती खालावली, असे मानण्याचे कारण नाही.

हाच प्रकार विदर्भाने वेगाने घडताना पाहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बुलढाण्यासह अमरावती विभागात रुग्ण वाढले. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर हे काट्यांतील बदल वाढल्याचे जाहीर केले. डेल्टा त्याच शाखेतला. जनुकीय तपासणी होत होती म्हणून हे कळले. आमच्या मते अशी तपासणी केवळ महासाथीपुरती नसावी. जिल्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या बालकांचे नमुनेही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे नियमित जावेत.

पालकांनी एवढे ध्यानी ठेवावे. विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविके चालत नाहीत. डॉक्टरांकडे सुईचा हट्ट धरू नये. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास वा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस वा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांहून लहान बाळाच्या बाबतीत तर घरी मोजत बसूच नये.